माती हलली की मशीन? एक्सआरडी यंत्र वर्षानुवर्षं खरं बोलतंय हे कसं ओळखायचं

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे आणि आकडे नीट मांडले आहेत. बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

मी मूळचा टेंभुर्णीचा, शिक्षण बीटेक, काम सॉफ्टवेअरचं. आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, पण दोन मिनिटं थांबा. विषय आहे एक्स-रे डिफ्रॅक्शन, लॅबमधल्या भाषेत एक्सआरडी. त्यातही यंत्र कसं चालतं हे मी पटकन सांगणार आहे. खरा मुद्दा पुढचा आहे. हे यंत्र पाच-दहा वर्षं खरं बोलत राहिलंय की नाही, हे ओळखायचं कसं?

प्रश्न एका ओळीत सांगतो. आजचा आकडा पाच वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा वेगळा आला, तर बदललं कोण? वस्तू की यंत्र?

आधी काट्याचं बोलू

आपल्या भागात हा प्रश्न नवा नाही. गाळप हंगाम सुरू झाला की उसाची ट्रॉली काट्यावर चढते, आणि अनेक शेतकरी आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतात. दोन आकडे जुळले नाहीत की "काटामारी" हा शब्द निघतोच. नीट पाहिलं तर या एका भांडणात तीन वेगवेगळे प्रश्न असतात.

पहिला, काटा खरं वजन दाखवतो का? यासाठी माहीत असलेली प्रमाणित वजनं काट्यावर ठेवून बघतात. हे झालं कॅलिब्रेशन.

दुसरा, तीच ट्रॉली खाली उतरवून लगेच परत चढवली तर तोच आकडा येतो का? याला म्हणतात रिपीटेबिलिटी. माणूस तोच, काटा तोच, वेळही तीच.

तिसरा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने किंवा वेगळ्या काट्यावर केलं तरी आकडा जुळतो का? ही रिप्रोड्युसिबिलिटी.

वैधमापन विभागाचे लोक येतात, तपासतात, शिक्का मारतात. पण शिक्का त्या दिवसाचा असतो. तपासणी नोव्हेंबरात झाली आणि तुमची ट्रॉली फेब्रुवारीत आली, तर मधल्या तीन महिन्यांची हमी कोण देणार? प्रयोगशाळेतल्या प्रत्येक महागड्या यंत्राला नेमका हाच प्रश्न लागू होतो.

एक्सआरडी दोन मिनिटांत

मीठ, साखर, माती, सिमेंट, औषधाची पावडर. यांतल्या बहुतेक वस्तूंच्या आत अणू रांगेत बसलेले असतात, थरावर थर. दोन थरांमधलं अंतर इतकं कमी असतं की ते मोजायला अँगस्ट्रॉम हे एकक वापरतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. क्ष-किरणांची लहर साधारण याच मापाची असते. म्हणून क्ष-किरण या थरांवर सोडले की ते ठरावीक कोनांतच जोरात परततात, बाकी कोनांत जवळजवळ काही मिळत नाही. १९१२ मध्ये जर्मनीत माक्स फॉन लाऊए यांनी ही कल्पना मांडली आणि ती प्रयोगात खरी ठरली. मग विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी कोनावरून अंतर काढायचं साधं सूत्र दिलं. त्यासाठी १९१५ चं नोबेल वडिलांबरोबर मिळालं तेव्हा हा पोरगा २५ वर्षांचा होता.

सूत्रातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच: अंतर जास्त, तर कोन लहान. यंत्र कोन मोजतं, आपण त्यावरून अंतर काढतो. कागदावर जो आलेख येतो त्यात मधूनमधून उंच सुळके असतात. लॅबमध्ये त्यांना 'पीक' म्हणतात, पण आपल्याकडे पीक म्हटलं की ऊस आणि डाळिंब डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी शिखर म्हणतो. प्रत्येक खनिजाची शिखरं ठरलेल्या जागी येतात. थोडक्यात, हा त्याचा अंगठ्याचा ठसा.

आपली काळी माती या गोष्टीत कुठून आली?

सोलापूर जिल्ह्यातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. घराच्या भिंतींना तडे जातात, म्हणून पाया घेताना मिस्त्री "मुरूम लागेपर्यंत खणा" म्हणतो. या सगळ्यामागे स्मेक्टाइट नावाचं चिकणमातीचं खनिज आहे. ते पुस्तकाच्या पानांसारखं थरांचं असतं आणि पानांमध्ये पाणी शिरतं. पूर्ण कोरडं असताना दोन पानांमधलं अंतर साधारण १० अँगस्ट्रॉम असतं. पाण्याचा एक थर शिरला की सुमारे १२.५ होतं, दोन थर शिरले की सुमारे १५.

या मातीचा एक्सआरडीने कसून अभ्यास झाला तो नागपूरला. तिथे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो ही संस्था १९७६ पासून आहे. डी. के. पाल, तपस भट्टाचार्य (हे पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या काळ्या मातीतली खनिजं तपासली. त्यांनी दाखवलं की हे स्मेक्टाइट बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारच्या झिजेतून आलं आहे आणि आजच्या कोरड्या हवेत एवढं स्मेक्टाइट तयार होणं कठीण आहे. ते जुन्या, जास्त पावसाच्या काळातलं असलं पाहिजे. म्हणजे आपल्या वावरात जुन्या हवामानाची नोंद पडून आहे आणि ती वाचली जाते शिखरांच्या जागेवरून.

तीन संशयित

आता एक परिस्थिती समजून घ्या. हे उदाहरण कल्पनेतलं आहे, पण त्यामागचं विज्ञान पक्कं आहे.

एका वावरातली माती दोनदा तपासली. एकदा ऑगस्टमध्ये, एकदा पुढच्या मे महिन्यात. ऑगस्टमध्ये शिखर ५.९ अंशांजवळ आलं, म्हणजे १५ अँगस्ट्रॉम. मे महिन्यात ते ७.१ अंशांजवळ सरकलं, म्हणजे १२.५ अँगस्ट्रॉम. काय झालं असेल?

संशयित एक, हवा. मे महिन्यात लॅबमधली हवा कोरडी होती. पानांमधला पाण्याचा एक थर उडून गेला.

संशयित दोन, जमीन. स्मेक्टाइटच्या पानांमध्ये कॅल्शियम असेल तर सर्वसाधारण दमट हवेत दोन थर पाणी धरलं जातं, सोडियम असेल तर बऱ्याचदा एकच. आता सोडियम वाढणं म्हणजे जमीन चोपण व्हायला लागणं. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस घेणाऱ्या माणसासाठी ही लहान बातमी नाही.

संशयित तीन, यंत्र.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जमीन चोपण आहे का हे ठरवायला एक्सआरडी लागत नाही. मातीचा सामू आणि विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण यावरून ते कळतं. आणि मातीची खनिजं तपासणारे लोक नमुना असाच कच्चा यंत्रात टाकत नाहीत. मातीचे नमुने आधी मॅग्नेशियम किंवा पोटॅशियमने भरून घेतात. मग इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवतात. खरं स्मेक्टाइट असेल तर ते फुगून सुमारे १७ अँगस्ट्रॉमवर जातं. पोटॅशियमवाला नमुना ५५० अंश सेल्सिअसला तापवला की पानं मिटून १० वर येतात. हे सगळं पहिल्या दोन संशयितांना बाजूला काढण्यासाठी.

तिसऱ्याला मात्र कुठलंच रसायन लावता येत नाही. त्याच्यासाठी वेगळा साक्षीदार लागतो. त्याला पाणी पिता आलं नाही पाहिजे, चोपण होता आलं नाही पाहिजे आणि मे असो वा ऑगस्ट, तो जागचा हलला नाही पाहिजे.

साक्षीदार: सिलिकॉन

तो साक्षीदार म्हणजे शुद्ध सिलिकॉनची पावडर. तुमच्या मोबाईलच्या चिपमध्ये आहे तेच सिलिकॉन. नेहमीच्या तांब्याच्या क्ष-किरण नळीवर त्याचं पहिलं शिखर २८.४४ अंशांवर येतं. पुढची ४७.३०, ५६.१२, ६९.१३, ७६.३८ आणि ८८.०३ अंशांच्या आसपास. हवेतली ओल त्याला लागत नाही. खोलीचं तापमान १० अंशांनी वाढलं तरी पहिलं शिखर एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी सरकतं.

अमेरिकेची निस्ट ही मापन संस्था अशी पावडर प्रमाणपत्रासह विकते. नाव एसआरएम ६४०. एक साठा संपला की पुढचा येतो: ६४०ए, ६४०बी, असं करत पुढे. प्रत्येक साठ्याचं अंतर नव्याने मोजून प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. याच घराण्यात आणखी दोन वस्तू आहेत. लँथॅनम हेक्साबोराइडची पावडर शिखरांची रुंदी तपासायला, आणि अॅल्युमिनाची भाजलेली चकती उंची, म्हणजे तीव्रता, तपासायला. भारतात प्रमाण पदार्थांचं काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा बघते. तिच्या पदार्थांना भारतीय निर्देशक द्रव्य म्हणतात.

गंमत म्हणजे सिलिकॉनचा आणि आपल्या काट्याचाही संबंध आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची नवी व्याख्या लागू झाली. तिच्या तयारीत जे दोन मोठे प्रयोग होते, त्यातल्या एकात सिलिकॉनच्या गोळ्यातल्या अणूंमधलं अंतर क्ष-किरणांनीच मोजलं होतं.

यंत्र बिघडतं कसं?

एकदम बंद पडलं तर ते सरळ आहे, फोन करून इंजिनिअर बोलवायचा. त्रास देतं ते हळूहळू सरकणं. त्याची मुख्य कारणं बघू.

नळी म्हातारी होते. क्ष-किरण नळीत टंगस्टनची तार तापते, तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन तांब्यावर आदळतात. वर्षानुवर्षं तापून टंगस्टन थोडंथोडं उडतं आणि तांब्यावर बसतं. किरण मंद होतात, आणि त्यांत टंगस्टनचे स्वतःचे किरण मिसळले की आलेखात भुताटकी शिखरं दिसायला लागतात. एखाद्याला वाटावं की नमुन्यात नवीन खनिज सापडलं!

कोन मोजणारा भाग सैल होतो. नळी आणि डिटेक्टर ज्या गोल चौकटीवर फिरतात तिला गोनिओमीटर म्हणतात. गिअर झिजतात. नळी बदलली, यंत्र दुसऱ्या खोलीत हलवलं, की शून्य थोडं इकडेतिकडे होतं.

डिटेक्टर थकतो. पूर्वीइतकेच किरण आले तरी कमी मोजतो.

नमुना वर-खाली बसतो. हा यंत्राचा दोष नाही, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हिशोबच करू. नमुन्यापासून डिटेक्टरपर्यंतचं अंतर २०० मिमी धरा. पावडर साच्यात दाबताना तिचा पृष्ठभाग ०.१ मिमी खाली राहिला. ०.१ मिमी म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. तेवढ्याने सिलिकॉनचं शिखर सुमारे ०.०५६ अंशांनी सरकतं. दहा अंश तापमान वाढल्याने जेवढं सरकलं असतं, त्याच्या सत्तरपट! मातीसारख्या लहान कोनाच्या शिखरावर तर परिणाम आणखी दिसतो. खरं अंतर १४ अँगस्ट्रॉम असेल तर ते १४.१३ वाचलं जातं.

म्हणून आपल्या उदाहरणातलं १५ चं १२.५ होणं हे एका कागदाच्या जाडीने होणार नाही, एवढं आत्ताच सांगता येतं. पण १४.० आणि १४.२ मधला फरक बघून कोणी "खनिज बदललं" म्हणत असेल, तर त्याला आधी सिलिकॉनचा आलेख मागा.

एकच शिखर बघून चालत नाही

सॉफ्टवेअरमध्ये एकच टेस्ट पास झाली म्हणून कोणी प्रोग्रॅम सोडत नाही. इथेही तसंच. सिलिकॉनची सगळी शिखरं बघायची, कारण ती कशी सरकली यावरून दोष कुठे आहे ते कळतं.

सगळी शिखरं सारखीच सरकली, समजा प्रत्येक ०.०५ अंशांनी, तर गोनिओमीटरचं शून्य हललं आहे. लहान कोनाची जास्त आणि मोठ्या कोनाची कमी सरकली, तर नमुन्याची उंची चुकली आहे. आपल्या ०.१ मिमीच्या उदाहरणात २८.४४ अंशांवर सरक ०.०५६ आहे, तर ८८.०३ अंशांवर ०.०४१. जागा बरोबर आहेत पण उंची सगळीकडे घटली, तर नळी किंवा डिटेक्टर. रुंदी वाढली, तर किरणांच्या वाटेतल्या फटी किंवा त्यांची जुळणी बघायची.

आणखी एक सोय निसर्गानेच केली आहे. बहुतेक मातीत थोडा तरी क्वार्ट्झ असतो आणि त्याचं मुख्य शिखर २६.६४ अंशांवर येतं. क्वार्ट्झही पाणी पीत नाही. त्यामुळे मातीच्या आलेखातच एक खूण आयती मिळते. स्मेक्टाइटचं शिखर सरकलं आणि क्वार्ट्झ जागेवर असेल तर यंत्राला दोष देता येत नाही. दोन्ही सरकले तर आधी यंत्र आणि नमुन्याची बैठक बघा, मग मातीबद्दल बोला.

वहीची ताकद

आता आजच्या भागाचा गाभा. सिलिकॉन एकदा मोजून काही होत नाही. तोच नमुना, त्याच सेटिंगवर, दर महिन्याला मोजायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. कित्येक वर्षं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण याच कंटाळ्यातून विश्वास तयार होतो.

लिहिलेल्या आकड्यांचं काय करायचं, हे १९२४ मध्ये बेल कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी दाखवलं. त्याला कंट्रोल चार्ट म्हणतात. शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. कल्पना सोपी आहे. यंत्र चांगल्या स्थितीत असताना २० वाचनं घ्या. समजा सरासरी २८.४४२ आली आणि नेहमीची डळमळ, म्हणजे प्रमाण विचलन, ०.००२. मग दोन रेषा सावधानीच्या, सरासरीपासून ०.००४ वर आणि तेवढ्याच खाली. दोन रेषा थांबण्याच्या, ०.००६ वर आणि खाली. दर महिन्याचा ठिपका यात टाकत जायचं.

ठिपका बाहेरच्या रेषेपलीकडे गेला तर थांबायचं, हे कोणालाही समजतं. पण पुढची मालिका बघा. फेब्रुवारी २८.४४०, मार्च २८.४४१, एप्रिल २८.४४२, मे २८.४४३, जून २८.४४४, जुलै २८.४४५, ऑगस्ट २८.४४६. एकही ठिपका सावधानीच्या रेषेपलीकडे गेलेला नाही. सुटा सुटा बघितला तर प्रत्येक आकडा पास. पण सलग सात महिने एकाच दिशेने चढ चालू आहे. हे योगायोगाने होत नाही. काहीतरी सरकतंय, आणि ते तुम्हाला दोष मोठा होण्याआधी कळलं. वार्षिक तपासणीच्या शिक्क्याला हे दिसलंच नसतं.

उलटही एक सापळा आहे. ठिपका जरासा हलला की लगेच यंत्राचं शून्य फिरवायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा फिरवायचं. नेहमीच्या डळमळीला असं दर वेळी उत्तर दिलं तर डळमळ वाढते. रेषा आखलेल्या असतात त्या कधी हात लावायचा यासाठी, आणि कधी लावायचा नाही यासाठीसुद्धा.

हात लावायचाच झाला तर एक नियम सोडू नका: आधी मोजा, मग दुरुस्त करा, मग परत मोजा. दुरुस्तीआधीचा आकडा लिहिला नाही, तर मागच्या सहा महिन्यांतले नमुने कितपत खरे होते हे कळायचा रस्ता कायमचा बंद होतो.

उंचीच्या आकड्याला वेगळा निकष लागतो, कारण किरण मोजणं हे पावसाचे थेंब मोजण्यासारखं आहे. १०,००० मोजले तर त्यात नैसर्गिक डळमळ सुमारे १०० ची, म्हणजे एक टक्का. तेव्हा अर्धा टक्का घट दिसली म्हणून घाबरायचं नाही. महिन्यामागून महिने घट होत वीस टक्क्यांवर गेली तर नळीचं वय बघायचं.

सॉफ्टवेअरसुद्धा यंत्राचाच भाग आहे

माझ्या धंद्याचं बोलतो. आलेखातून शिखराची जागा माणूस पट्टीने मोजत नाही, प्रोग्रॅम काढतो. तांब्याचे क्ष-किरण दोन अगदी जवळच्या लहरींचे असतात. दुसरीचा वाटा कसा वजा करायचा, शिखराला कोणता वक्र बसवायचा, हे प्रोग्रॅम ठरवतो. कंपनीने नवी आवृत्ती दिली, कुणीतरी अपडेट दाबलं, आणि शिखराची जागा तिसऱ्या दशांशात बदलली. यंत्र जागचं हललेलं नाही, माती हललेली नाही. पण वहीत पायरी दिसणार.

उपाय आपल्याला पाठ आहे, रिग्रेशन टेस्ट. सिलिकॉनच्या जुन्या आलेखांच्या मूळ फाइली जपून ठेवायच्या. नवी आवृत्ती आली की त्याच जुन्या फाइली तिच्यातून काढायच्या आणि उत्तरं ताडून बघायची. वहीत आकड्याशेजारी आवृत्तीचा नंबर लिहायचा. प्रमाण पावडरीचा साठा बदलताना हेच करायचं. जुनी संपण्याआधी जुनी आणि नवी एकाच दिवशी मोजायची. नाहीतर दोन साठ्यांमधला फरक यंत्राच्या माथी बसतो.

दुसऱ्या माणसाने केलं तर?

आता रिप्रोड्युसिबिलिटी. ही एकदम मोजायची नाही, पायरीपायरीने मोजायची. आधी नमुना यंत्रात तसाच ठेवून दहा वेळा मोजा. ही झाली निव्वळ यंत्राची डळमळ. मग दर वेळी नमुना काढून परत बसवा. डळमळ वाढेल, वाढलेला भाग बैठकीचा. मग त्याच पावडरीतून दर वेळी नवा साचा भरा. मग दुसऱ्याला भरायला सांगा. मग दुसऱ्या आठवड्यात करा. प्रत्येक पायरीला किती भर पडली ते दिसतं आणि कुठे मेहनत घ्यायची ते कळतं. बऱ्याच वेळा यंत्रापेक्षा साचा भरणारा हात जास्त डळमळतो. मातीत तर हे फारच, कारण स्मेक्टाइटचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात. दाबले की आडवे पडतात आणि त्याच खनिजाचं शिखर उगाच उंच दिसतं.

शेवटची पायरी म्हणजे दुसरी लॅब. यासाठी अमेरिकेची क्ले मिनरल्स सोसायटी २००२ पासून दर दोन वर्षांनी रेनॉल्ड्स कप नावाची स्पर्धा घेते. नेमकी किती टक्के कोणती खनिजं मिसळली आहेत हे आयोजकांना माहीत, भाग घेणाऱ्यांना नाही. पुड्या जगभर जातात, उत्तरं येतात, मग खरी उत्तरं उघड होतात. जाहीर होतात ती फक्त वरच्या क्रमांकांची नावं. बाकीच्यांना आपण कुठे कमी पडलो ते कळतं आणि चारचौघांत शोभाही होत नाही. भारतात प्रयोगशाळांना मान्यता देणारी एनएबीएल ही संस्थाही लॅबने अशा तुलनांमध्ये भाग घ्यावा अशी अपेक्षा ठेवते.

जिथे मेकॅनिक पोहोचू शकत नाही

६ ऑगस्ट २०१२ ला, आपल्याकडे सकाळ असताना, नासाची क्युरिऑसिटी गाडी मंगळावर उतरली. तिच्या पोटात केमिन नावाचं एक्सआरडी यंत्र आहे, पृथ्वीबाहेर काम केलेलं पहिलं. पहिल्याच मातीत त्याला फेल्डस्पार, पायरॉक्सिन आणि ऑलिव्हिन सापडलं. ज्वालामुखीच्या खडकाचीच मंडळी. यातली पहिली दोन आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येही मुख्य आहेत.

नंतर गाडीने जवळजवळच्या दोन ठिकाणी चिखलापासून बनलेला खडक खोदला. दोन्हीकडे स्मेक्टाइट मिळालं. होय, आपल्या वावरातल्याच घराण्यातलं! पण एका ठिकाणी पानांमधलं अंतर सुमारे १० अँगस्ट्रॉम, दुसऱ्या ठिकाणी सुमारे १३. पुन्हा तोच प्रश्न: खडक वेगळा की यंत्र सरकलं? मंगळावर सर्व्हिस इंजिनिअर बोलवता येत नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी नमुने ठेवायच्या चाकावर २७ कप्पे मंगळासाठी दिले आणि ५ कप्पे पृथ्वीवरून भरून नेलेल्या प्रमाण पदार्थांसाठी राखून ठेवले. ३२ पैकी ५ जागा फक्त "मी अजून खरं बोलतोय का" हे विचारायला! जिथे एकेका ग्रॅमचं भाडं लागतं, तिथे त्यांनी ही जागा दिली. म्हणूनच १० आणि १३ मधला फरक मंगळाचा आहे असं ठामपणे म्हणता आलं.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्यातले बरेच जण बीएस्सी-एमएस्सी करताय, काही जण औषधांच्या किंवा सिमेंटच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात लागलाय. नमुना दुसऱ्या लॅबला पाठवून "एक्सआरडी करून द्या" म्हणायची वेळ येईलच. तेव्हा चार गोष्टी न लाजता मागा.

१. माझा नमुना मोजला त्या दिवसाच्या जवळचा सिलिकॉनचा आलेख.
२. मागच्या वर्षभराची नोंद, नुसतं प्रमाणपत्र नको.
३. मधल्या काळात नळी बदलली का, जुळणी केली का, सॉफ्टवेअर बदललं का, त्याच्या तारखा.
४. माझ्या आलेखाची मूळ फाइल. फक्त चित्र नको.

लॅब चांगली असेल तर या मागणीने त्यांना बरंच वाटतं, कारण वही ठेवण्याचे कष्ट कोणीतरी विचारले. आणि तुम्हीच लॅबमध्ये असाल, पण वही नसेल, तर पहिलं वाचन या आठवड्यात घ्या. प्रमाण पावडर महाग आहे म्हणून अडू नका. सिलिकॉनची किंवा क्वार्ट्झची एक चांगली चकती फक्त याच कामाला बाजूला ठेवा. शिखराची खरी जागा ठरवायला प्रमाणपत्रवाली पावडर वर्षातून एकदा कोणाकडून तरी मिळवा, पण यंत्र सरकतंय का हे बघायला न बदलणारी चकती पुरते.

आपल्या मातीत पुढच्या वीस वर्षांत काय बदल होतील, पाण्याने, खताने, पावसाच्या बदलत्या तऱ्हेने, ते आज कोणी सांगू शकत नाही. पण वीस वर्षांनी कोणीतरी तीच माती पुन्हा मोजेल. त्याच्या हातात आजचा आकडा असेल. त्याच्याशेजारी सिलिकॉनची नोंद असेल, तर त्याला खात्रीने म्हणता येईल की माती बदलली. ती नसेल, तर दोन आकडे समोर ठेवून तो नुसता बसून राहील.

या विषयावर प्रश्न असतील, विशेषतः लॅबमध्ये काम करणाऱ्यांचे, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढे त्यावर बोलू. हा भाग आवडला तर एमएस्सीवाल्या एका तरी मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत राम राम!